'ते आपल्याबद्दल नाहीये'

पालकहो,

युरोपीय संघात राहायचं की बाहेर पडायचं, यावरच्या २३ जून २०१६ च्या सार्वमतानंतर ब्रिटनमधल्या कितीतरी मराठी घरांत मुलांना एक वाक्य सांगितलं गेलं. "घाबरू नकोस बाळा, ते आपल्याबद्दल नाहीये. ते पोलिश लोकांबद्दल चाललंय." सांगणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता. मूल शाळेतून काहीतरी ऐकून आलंय, टीव्हीवर मोठी माणसं एकमेकांवर ओरडताहेत, रात्री दिवा बंद करू देत नाहीये. अशा वेळी आई-बाप तोंडात येईल त्या शब्दांनी पोराची समजूत काढतात. तरीही त्या वाक्याबद्दल मला तुमच्याशी बोलायचंय. त्या सगळ्या गदारोळात आपल्या मुलांच्या कानावर जे जे पडलं, त्यात सर्वांत जास्त नुकसान याच वाक्यानं केलं, असं माझं ठाम मत आहे.

मी स्लावमध्ये राहते. लंडनच्या पश्चिमेला, हीथ्रो विमानतळाजवळचं हे गाव. इथे पंजाबी आहेत, पाकिस्तानी आहेत, आयटीतली आपली मराठी मंडळी आहेत आणि पोलिश कुटुंबंही भरपूर आहेत. रविवारी मी मुलांना मराठी शिकवते आणि आठवडाभर एका प्राथमिक शाळेत शिक्षकांच्या मदतीला असते. त्यामुळे मुलं घरात काय ऐकतात आणि शाळेत येऊन काय बोलतात, ही दोन्ही टोकं मला दिसतात.

निकाल शुक्रवारी पहाटे लागला. युरोपीय संघातून बाहेर पडण्याच्या बाजूनं ५१.९ टक्के, राहण्याच्या बाजूनं ४८.१ टक्के. सकाळी पंतप्रधान कॅमेरून यांनी पद सोडत असल्याचं जाहीर केलं. स्कॉटलंडनं ६२ टक्क्यांनी 'राहू' म्हटलं होतं, उत्तर आयर्लंडनंही 'राहू'च म्हटलं, इंग्लंड आणि वेल्सनं 'बाहेर'. आमच्या स्लावनंसुद्धा 'बाहेर'च म्हटलं, ५४.३ टक्क्यांनी. लंडन मात्र 'राहू' म्हणणारं. म्हणजे इथून सकाळची गाडी पकडून लंडनला कामाला जाणारा माणूस वीसेक मिनिटांत एका देशातून दुसऱ्या देशात गेल्यासारखा होता.

मुलांना यातलं काही कळत नव्हतं. त्यांना एवढंच कळलं, की कोणीतरी जायचंय. त्या दिवशी शाळेच्या पटांगणात पळापळीचा खेळ चालला होता, त्यात मुलांनी आपणहून दोन गट पाडले, राहणारे आणि जाणारे. दुसरीतल्या एका पोलिश मुलाला बाकीच्यांनी सांगितलं, की तू जाणाऱ्यांत, कारण तू खरोखरच जाणार आहेस. तो रडला नाही. त्यानं जाऊन कुंपणाजवळ ठेवलेलं आपलं दप्तर पाठीला लावलं आणि उरलेली मधली सुट्टी तसाच दप्तर लावून उभा राहिला. रविवारी मराठीच्या वर्गात त्याच्याच वयाच्या आपल्या एका मुलीनं मला विचारलं, "ताई, ते लोक सोमवारी जाणार की सुट्टी लागल्यावर?" मी तिला म्हटलं, कोणी कुठेही जाणार नाहीये, तुझा मित्र सोमवारी तुझ्या शेजारीच बसणार आहे. ती म्हणाली, "आई म्हणाली, आपल्याला टेन्शन नाही." तिच्या आवाजात सुटका होती. मुलगी चांगली आहे, त्या मुलाबरोबर डबा वाटून खाणारी आहे. पण त्या आठवड्यात तिच्या मनात एक रेघ ओढली गेली होती. रेघेच्या या बाजूला आपण, तिथे टेन्शन नाही. पलीकडे काय व्हायचं ते होवो.

आता ते वाक्य खरं तरी होतं का, ते पाहू.

या सार्वमतात मत कोणाला होतं? ब्रिटिश नागरिकांना, आयरिश नागरिकांना, आणि ब्रिटनमध्ये कायदेशीर राहणाऱ्या राष्ट्रकुल देशांच्या नागरिकांना. भारत राष्ट्रकुलात आहे. म्हणजे पुण्याहून दोन वर्षांच्या व्हिसावर आलेल्या, हातात भारतीय पासपोर्ट असलेल्या माणसालाही मत होतं. आणि बारा वर्षं इथे राहिलेल्या, कर भरणाऱ्या, इथल्या शाळेत मुलं घातलेल्या पोलिश माणसाला ते नव्हतं. युरोपातल्या देशांपैकी आयर्लंड, माल्टा आणि सायप्रस यांच्याच नागरिकांना ते मिळालं. ज्यांच्याबद्दल निर्णय व्हायचा ते बाहेर उभे, आणि निर्णय करणाऱ्यांत आपण आत बसलेलो. मुलांना आपण सांगितलं की आपला याच्याशी संबंध नाही. आपला संबंध पुरेपूर होता. आपण मतदार होतो.

याहून जवळचं उदाहरण इंग्लंडमधल्या स्विंडनचं आहे. तिथे हजारो गोवेकर राहतात. १९ डिसेंबर १९६१ च्या आधी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगीज नागरिकत्व मागता येतं. त्या पासपोर्टवर हे लोक युरोपीय नागरिक म्हणून ब्रिटनला आले, गोदामांत आणि कारखान्यांत रात्रपाळ्या करू लागले. पण पोर्तुगीज पासपोर्ट घेतला की भारतीय नागरिकत्व जातं, आणि त्याबरोबर राष्ट्रकुलाचं मतही गेलं. म्हणजे पणजीचा एक जण भारतीय पासपोर्टवर आयटीच्या नोकरीसाठी आला तर त्याला मत, आणि त्याचाच मावसभाऊ पोर्तुगीज पासपोर्टवर गोदामात कामाला आला तर त्याला नाही. स्विंडननंही 'बाहेर' म्हटलं. त्या मावसभावाच्या मुलांना त्यांचे आई-बाबा 'ते आपल्याबद्दल नाहीये' असं सांगू शकत होते का?

ज्यांनी 'बाहेर'ला मत दिलं त्या आपल्या लोकांवर माझा राग नाही. मतदानाच्या दिवशी, मतचाचण्या घेणारे लॉर्ड ॲशक्रॉफ्ट यांनी केलेल्या पाहणीत आशियाई मतदारांपैकी ६७ टक्क्यांनी 'राहू' म्हटलं होतं. म्हणजे तिघांतल्या एकानं 'बाहेर'ला मत दिलं. ते काही द्वेष्टे नव्हते. युरोपातून कोणीही येऊ शकतं आणि आपल्या भाच्याला मात्र व्हिसासाठी पगाराची अट, ही खंत खरी होती. तेव्हाच्या मंत्री प्रीती पटेल यांनी त्या वेळी प्रचारच केला, की संघातून बाहेर पडलो तर दक्षिण आशियातून स्वयंपाकी आणता येतील आणि बंद पडत चाललेली करी हाउसेस वाचतील.

एका घरातली गोष्ट सांगते. त्यांची नावं सांगणार नाही. आजोबा १९६६ च्या सुमाराला आलेले. त्या काळी १९६२ च्या कायद्यानुसार कामाचं व्हाउचर मिळवावं लागे, तेव्हा कुठे बोटीत पाय ठेवता येई. मग १९७१ चा स्थलांतर कायदा झाला आणि तो ज्या दिवशी लागू झाला तो दिवस होता १ जानेवारी १९७३. त्याच दिवशी ब्रिटन युरोपच्या सामाईक बाजारपेठेत गेलं. एका दिवसात युरोपाला दार उघडलं आणि राष्ट्रकुलाला जवळजवळ बंद झालं. आजोबांचा धाकटा भाऊ त्या दारात अडकला, तो कायमचा नाशिकलाच राहिला. ही जखम त्यांनी त्रेचाळीस वर्षं सांभाळली आणि २०१६ साली मतपेटीत टाकली. त्यांचा सतरा वर्षांचा नातू. त्याला वय कमी म्हणून मत नव्हतं. स्कॉटलंडच्या २०१४ च्या सार्वमतात सोळा वर्षांच्या मुलांनाही मत होतं, इथे नव्हतं. जर्मनीत जाऊन शिकायचं त्याच्या डोक्यात होतं. निकालाच्या रात्री जेवताना तो आजोबांना म्हणाला, "तुम्ही माझं आयुष्य विकलंत." आजोबांनी ताट बाजूला सारलं. आजी म्हणाली, "पुरे, आता या घरात राजकारण नको." आणि पुढे कित्येक दिवस त्या घरात जेवताना फक्त "भाजी वाढ" आणि "पोळी नको" एवढंच ऐकू येत होतं.

त्या टेबलावर चौथीतली एक नात बसलेली होती. तिच्याकडे कोणाचंच लक्ष नव्हतं. तिनं याचा अर्थ काय लावला, तर आजोबांना दादा आवडत नाही. नंतर तिनं मला विचारलं, मी मोठी झाल्यावर मीसुद्धा आजोबांना आवडेनाशी होईन का?

तिच्या प्रश्नाचं उत्तर भांडण थांबवून मिळालं नाही. आजीनं भांडण थांबवलंच होतं की. उत्तर मिळालं ते नाशिकच्या धाकट्या भावाची गोष्ट आजोबांनी दोन्ही नातवंडांना बसवून सांगितली तेव्हा. नातवाचं मत बदललं नाही, आजोबांचंही नाही. पण नातवाला पहिल्यांदा कळलं की त्या मतामागे एक माणूस आहे, तो भाऊ आहे आणि त्याचा फोटो देव्हाऱ्याच्या बाजूला लावलेला आहे. मग नातवानं जर्मनीतल्या विद्यापीठाचं पत्र आजोबांना वाचून दाखवलं. चौथीतली नात हे सगळं ऐकत बसली होती. माझं म्हणणं असं आहे, की मुलांना भांडण दिसलं तर समेटही दिसू द्या. बंद दाराआड समेट करून उपयोग नाही, कारण भांडण उघड्या दारात झालेलं असतं.

घरं फुटणं ही काही आपल्याकडचीच गोष्ट नव्हती. 'बाहेर'च्या प्रचाराचं नेतृत्व करणारे बोरिस जॉन्सन यांच्या घरात वडील स्टॅन्ली, बहीण रेचल आणि धाकटे भाऊ जो, तिघंही 'राहू' म्हणणारे. हे भाऊ पुढे पंतप्रधान झालेल्या बोरिस यांच्याच सरकारात मंत्री झाले आणि सप्टेंबर २०१९ मध्ये कुटुंबनिष्ठा आणि देशहित यांच्यात ओढाताण होते असं सांगून त्यांनी राजीनामा दिला. वयानुसारही देश दुभंगला होता. यूगव्ह या सर्वेक्षण संस्थेच्या पाहणीत १८ ते २४ वयाच्या ७१ टक्क्यांनी 'राहू' म्हटलं, तर पासष्टी ओलांडलेल्यांपैकी ६४ टक्क्यांनी 'बाहेर'. त्यामुळे आजोबा-नातवाचं भांडण एका घराचं नव्हतंच, ते देशभर जेवणाच्या टेबलावर चाललं होतं.

आपल्या मुलांना 'बाहेर' म्हणणाऱ्या इंग्रजांबद्दल काय सांगायचं, हा प्रश्न मला पालक फार विचारतात. 'राहू' म्हणणाऱ्या घरांत याचं उत्तर दोन शब्दांत दिलं जातं: ते वंशद्वेष्टे. तसं म्हणू नका. लिंकनशरमधल्या बॉस्टन गावात ७५.६ टक्के लोकांनी 'बाहेर'ला मत दिलं, देशात सर्वाधिक. ते भाजीपाल्याच्या शेतीचं गाव. २००४ साली पोलंड, लिथुएनिया धरून दहा देश युरोपीय संघात आले. बाकीच्या बहुतेक देशांनी त्यांच्या कामगारांना काही वर्षं थांबवलं. ब्रिटन, आयर्लंड आणि स्वीडन यांनी लगेच दार उघडलं. वर्षाला फार तर तेरा हजार येतील असा अंदाज सरकारपुढे होता. आले त्याच्या कितीतरी पट. बॉस्टनसारख्या लहान गावात घरभाडी, दवाखान्यातल्या रांगा, शाळेतल्या जागा, सगळ्यावर ताण आला आणि त्यासाठी लंडनहून पुरेसा पैसा आला नाही. तिथल्या माणसानं आपलं गाव डोळ्यांदेखत बदलताना पाहिलं, आणि त्याला कोणी विचारलं नाही.

हे दुःख मराठी माणसाला परकं आहे का हो? मुंबईत आपलीच भाषा ऐकू येईनाशी झाली, गिरणगावातल्या चाळींच्या जागी टॉवर आले, नोकऱ्या दुसऱ्यांना गेल्या, हे आपण साठ वर्षं बोलत आलोय. १९६६ साली त्याच दुःखातून शिवसेना उभी राहिली. त्यात जे न्याय्य होतं तेही आपल्याला ठाऊक आहे, आणि त्याच दुःखापोटी उडप्याच्या हॉटेलावर दगड कसे पडले, २००८ साली उत्तरेकडच्या टॅक्सीवाल्याला कशी मारहाण झाली, तेही आपल्याला ठाऊक आहे. भूमिपुत्र असणं आणि परका असणं, दोन्ही आपण भोगलंय. मुंबईत एक, स्लावमध्ये दुसरं. ही शिदोरी इथल्या फार थोड्या समाजांकडे आहे. मुलांना ती द्या. बॉस्टनच्या माणसाचं गाऱ्हाणं खरं आहे आणि त्या गाऱ्हाण्याचा राग पोलिश मुलावर काढणं चूक आहे, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी आठ वर्षांच्या मुलाला समजतात. मी समजावून पाहिलंय. मोठ्यांनाच त्यातली एक सोडून द्यायची घाई असते.

कारण जो राग निघाला तो खरोखरच मुलांपर्यंत पोहोचला. निकालाच्याच दिवशी केंब्रिजजवळच्या हंटिंग्डन गावात एका शाळेजवळ आणि काही घरांच्या दारांत छोटी कार्डं सापडली. पोलिश लोकांना उंदीर-घुशींच्या रांगेत बसवून चालते व्हा असं सांगणारी. एका बाजूला इंग्रजी, दुसऱ्या बाजूला पोलिश. आणि ती लॅमिनेट केलेली होती. मला त्या लॅमिनेशननं सर्वांत जास्त हादरवलं. क्षणाच्या संतापात शिवी देणारा माणूस मी समजू शकते. पण इथे कोणीतरी मजकूर लिहिला, त्याचं भाषांतर करवून घेतलं, कापला, पावसात भिजू नये म्हणून प्लास्टिकमध्ये घातला आणि मग तो शाळेपाशी नेऊन ठेवला. दोन दिवसांनी लंडनमध्ये हॅमरस्मिथच्या पोलिश सांस्कृतिक केंद्राच्या दारावर शिवीगाळ रंगवलेली सापडली. त्या जुलैमध्ये इंग्लंड-वेल्समध्ये वंश किंवा धर्मावरून झालेल्या गुन्ह्यांची नोंद आदल्या वर्षीच्या जुलैपेक्षा ४१ टक्क्यांनी जास्त झाली. आणि मतदानाच्या आधीच, १६ जूनला, खासदार जो कॉक्स यांना यॉर्कशरमधल्या बर्स्टल गावात भर दिवसा एका अतिउजव्या माणसानं ठार केलं होतं. त्यांची दोन मुलं तेव्हा तीन आणि पाच वर्षांची होती.

हे पोलिश लोकांबद्दल चाललंय, आपल्याबद्दल नाही. हे वाक्य कोल्हापूरच्या माणसाच्या तोंडी तर मुळीच शोभत नाही, आणि का ते सांगते.

दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत राजवटीनं पूर्व पोलंडमधली लाखो माणसं सैबेरिया आणि कझाकस्तानात नेऊन टाकली. जी जगली वाचली, त्यांतली काही इराणमार्गे बाहेर पडली. त्यांतल्या सुमारे पाच हजार जणांना, बहुतेक बायका आणि मुलं, १९४३ पासून कोल्हापूरजवळ वळिवड्याला आसरा मिळाला. तिथे त्यांच्या शाळा होत्या, चर्च होतं, बालवीरांची पथकं होती, नाटकं होत होती. आई-बाप गमावलेली कितीतरी मुलं पंचगंगेच्या काठी मोठी झाली, बाजारहाटापुरतं मराठी शिकली. १९४८ च्या सुमाराला ती छावणी संपली. पोलंडमध्ये सोव्हिएत वर्चस्व आलेलं, परत जायची सोय नाही. मग त्यांतले बरेच जण कुठे गेले? ब्रिटनला. कोल्हापूरच्या महावीर उद्यानात त्यांच्या आठवणीचा स्तंभ आहे आणि तिकडे वॉर्सात कोल्हापूरच्या आठवणीचं स्मारक आहे.

म्हणजे लंडनच्या पश्चिम भागात ज्या जुन्या पोलिश वस्त्या आहेत, जिथल्या केंद्राच्या दारावर शिव्या रंगवल्या गेल्या, तिथल्या एखाद्या नव्वदीच्या आजीनं लहानपणी वळिवड्याच्या आठवडी बाजारात पेरू विकत घेतलेले असू शकतात. आमच्याकडून लंडनला जाताना ए-४० रस्त्यावर नॉर्थोल्टपाशी 'पोलिश वॉर मेमोरियल' अशी पाटी लागते. १९४० साली ३०३ नंबरच्या स्क्वाड्रनचे पोलिश वैमानिक नॉर्थोल्टच्या हवाई तळावरून उडून लंडन वाचवण्यासाठी लढले; त्या महायुद्धात प्राण गमावलेल्या पोलिश हवाई सैनिकांचं ते स्मारक. मराठीच्या वर्गातली मुलं आई-बाबांच्या गाडीतून ती पाटी कितीदा तरी ओलांडतात. त्यांना मी ही दोन्ही पानं एकत्र जोडून सांगते, नॉर्थोल्ट आणि वळिवडे. तेव्हा त्यांचे डोळे वेगळेच होतात. एका मुलानं लगेच विचारलं, "म्हणजे माझी पणजी आणि त्याची पणजी एकाच गावात होत्या?" कदाचित हो रे राजा. इथल्या वंशसमानतेच्या दहा धड्यांतून जे मुलांच्या मनात उतरत नाही, ते या एका गोष्टीनं उतरतं. ती गोष्ट तुमच्या घरची आहे, तुम्ही सांगितली नाहीत तर इथे त्यांना कोणीच सांगणार नाही.

आणि 'ते आपल्याबद्दल नाहीये' किती टिकलं, तेही पाहा. २०२४ च्या जुलैअखेरीस साउथपोर्टला लहान मुलींच्या नाचाच्या वर्गात भयंकर हत्याकांड झालं. हल्लेखोर निर्वासित मुसलमान असल्याची खोटी बातमी पसरली आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात गावोगावी दंगली झाल्या. मशिदींवर दगड पडले, निर्वासितांना ठेवलेल्या हॉटेलांना आग लावायचा प्रयत्न झाला. भारतीय उच्चायुक्तालयानं ६ ऑगस्टला भारतीयांना सावध राहायची सूचना काढली. त्या आठवड्यात आपल्या घरांत काय झालं? मुलांना बागेत पाठवणं बंद झालं. आणि काही आई-बाबांनी मुलांना पढवलं: कोणी अडवलं तर सांग, मी हिंदू आहे, मी मुसलमान नाही.

मी त्यांची भीती समजते. पण बघा, हे तेच २०१६ चं वाक्य आहे, फक्त पोलिशच्या जागी दुसरं नाव आलंय. आणि दगड मारणारा जात-धर्म विचारून मारत नाही, तो कातडीचा रंग बघतो, हे मुलाला पहिल्याच फटक्यात कळतं. मग त्याच्या पदरात काय उरतं? आईनं दिलेली ढाल चालली नाही हे एक, आणि वर्गातल्या त्याच्या मुसलमान मित्राला आपण पुढे ढकलून दिलं हे दुसरं. दुसरं ओझं मूल फार काळ वाहतं, आणि त्याबद्दल ते कोणाशी बोलत नाही.

मग सांगायचं काय? मूल विचारतं, "आपल्याला जावं लागेल का?" तेव्हा आधी खरं उत्तर द्या. कागदपत्रं काढून दाखवा. हा आपला पासपोर्ट, हे आपलं कायम राहण्याचं पत्र, म्हणून आपल्याला कोणी सहजासहजी घालवू शकत नाही. मुलांना कागद हातात धरून बघायला आवडतं, त्यानं धीर येतो. त्यानंतर लगेच मित्राबद्दल बोला. पोलिश मित्राच्या आई-बाबांना आणि त्यांच्या बऱ्याच मुलांनाही २०१९ पासून पुढे अर्ज करून राहण्याचा हक्क नोंदवावा लागला, ३० जून २०२१ ही मुदत होती. इथे जन्मलेल्या काही तान्ह्या बाळांचेही अर्ज भरावे लागले. आपल्यातल्या काही आयांनी शेजारच्या रोमानियन, पोलिश आयांना ते अर्ज भरायला मदत केली, कारण व्हिसाचे फॉर्म भरण्यात आपला हात कोण धरणार! त्यांची मुलं बाजूला बसून हे बघत होती. भीतीवर याच्याइतकं चांगलं औषध मला ठाऊक नाही.

शाळेवर फार भरवसा टाकू नका. १९९६ च्या शिक्षण कायद्यानं शाळांना पक्षीय मत शिकवायला बंदी आहे, वादाचा विषय आला तर दोन्ही बाजू मांडाव्या लागतात. ते योग्यच आहे. त्यामुळे शिक्षक स्वतःचं मत सांगत नाहीत. पण त्याचा अर्थ असा, की मत बाळगूनही माणसानं माणसाशी कसं वागायचं, हे दाखवण्याची जागा घरच आहे. तुमचं मत मुलांना जरूर सांगा, का आहे तेही सांगा. फक्त दुसऱ्या बाजूच्या माणसांना 'ते लोक' म्हणायला लागलात, की मूल मत विसरतं आणि 'ते लोक' तेवढं लक्षात ठेवतं. पुण्यातल्या काकांनी कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर इथल्या मुसलमानांबद्दल काही टाकलं आणि ते तुमच्या मुलीनं वाचलं, तर ग्रुप सोडू नका. तिच्यासमोर काकांना फोन लावा आणि नीट, मोठ्यांचा मान राखून सांगा: काका, इथे आमच्यावर दगड मारणारे आम्हालाही हेच म्हणतात. तिला ते ऐकू द्या.

हे सगळं आत्ता का, तर दिवस फार नाहीत. २०१६ साली चौथीत असलेली ती नात आता मतदार झालीय. जुलै २०२५ मध्ये सरकारनं जाहीर केलंय, की पुढच्या सार्वत्रिक निवडणुकीपासून सोळा वर्षांच्या मुलांनाही मत द्यायचं. म्हणजे आज जी मुलं रविवारी माझ्यासमोर बाराखडी गिरवतात, त्यांची मोठी भावंडं थोड्याच वर्षांत मतदान केंद्रावर उभी असतील. ती पहिल्यांदा मत द्यायला निघतील तेव्हा कोणाला देणार हे विचारू नका, ते त्यांचं त्यांना ठरवू द्या. एवढंच विचारा, की तुझ्या वर्गात, तुझ्या गल्लीत असं कोण आहे ज्याला मत नाही, आणि तू त्याच्याशी या निवडणुकीबद्दल बोललास का.